माझ्या अंगावर रंग ठरेना

मित्रांनो, मोटारीच्या बॉनेटखाली जो काळोख असतो, तोच माझा संसार. मी अ‍ॅल्युमिनियमचा इंजिन ब्लॉक आहे. दट्टे, म्हणजे पिस्टन, माझ्याच पोकळ्यांतून वरखाली धावतात आणि तेल माझ्याच वाटांनी वाहते. वितळलेल्या धातूचा रस साच्यात ओतून मला घडवले. मी निवतो न निवतो तोच धावपळ मागे लागली. स्वस्थता हा शब्द मी केवळ ऐकून आहे.

माझी मोटार एका परिचारिकाबाईंची होती. घाटापलीकडच्या वस्त्यांत गरोदर स्त्रियांना तपासण्यासाठी त्या एकट्या जात. चढावर मला धाप लागे. माथा गाठला की बाई हलकेच म्हणत, "शाबास रे." तेवढ्यावर मी पुढचा चढ चढत असे. पण एका उन्हाळ्यात माझे पाणी आटले, ते कोणाच्या ध्यानी आले नाही. मी असह्य तापलो, बंद पडलो आणि एका गॅरेजात येऊन पोहोचलो.

ते गॅरेज बहीणभावाचे होते. भाऊ इंजिने उघडून दुरुस्त करी आणि पुन्हा जोडी. ताई रंगकाम करी. रंगवल्यावाचून इंजिन दाराबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता.

माझ्या कुशीत, तेलाच्या वाटेला लागून, केसाएवढी भेग पडली होती. वरवर ती दिसत नव्हती. मला मात्र क्षणभर चैन नव्हते. असाच मोटारीत परत बसवला गेलो, तर घाटात माझे तेल गळून जाईल, दट्टे जागीच अडकतील आणि बाई निर्जन वळणावर अडकतील. पलीकडे कोणी कळा सोसत त्यांची वाट पाहत असेल. हे सांगावे कसे? मला वाचा नाही.

ताईने मला काचकागदाने घासले, थिनरने पुसले, गुळगुळीत केलेल्या कडांवर रंग उडू नये म्हणून कागदी पट्ट्या चिकटवल्या. माझ्या धातूला नुसता रंग धरत नाही, म्हणून आधी अस्तराचा हात दिला, वर राखाडी रंग फवारला आणि मला तापत्या दिव्यासमोर ठेवले. ऊब लागताच भेगेत दडलेले तेल बाहेर आले. तेवढ्याच जागी रंगाला फोड आला.

"ताई, नीट पुसलं नाहीस तू," भाऊ म्हणाला.

"मी? डिझेलनं धुऊन आणलास तू. तेल चोपडलेल्या अंगाला पावडर लावायला सांगतोस."

तिने रंग खरवडला, पुन्हा सारे केले. पुन्हा तिथेच फोड.

"जाड हात मार तिथं, झाकून जाईल. बॉनेट उघडून कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही, तर रंगवायला कशाला लावतोस?"

बाकावर बसलेल्या परिचारिकाबाई हसल्या. "मला काळा चालेल, हिरवा चालेल, बाबांनो. पहाटे निघायचंय, वाटेत थांबायला नको एवढं बघा."

ताईचा फवारा हातातच राहिला. माझा जीव टांगणीला लागला होता. तिने फोडावरून बोट फिरवले, हुंगले आणि फवारा खाली ठेवला. "दोनदा एकाच जागी? हे पुसण्याचं काम नाही रे. खडू आण."

तिने ती जागा खरवडून खडूने पांढरी केली आणि आतल्या बाजूने रॉकेल लावले. तिघेही वाकून पाहू लागले. हळूहळू रॉकेल भेगेतून झिरपले आणि त्या पांढऱ्यावर एक काळसर रेघ उमटली.

भावाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाई, पहाटे माझी गाडी न्या. हा एवढ्यात जोडायचा नाही."

मग वेल्डिंगवाल्याने माझी भेग सांधली. पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल. रेघ उमटली नाही. ताईने मला नव्याने रंगवले आणि यावेळी रंग ठरला. सांध्याची जागा मात्र तिने उघडीच ठेवली.

"एवढं टक्कल कशाला?" भावाने विचारले.

"उद्या इथं घाम फुटला, तर दिसायला नको?"

मित्रांनो, आपल्या वस्तूंना अवश्य रंगवा, सजवा. पण रंग जिथे पुन्हा पुन्हा उखडतो तिथे आणखी जाड हात देऊ नका. थांबा आणि खाली काय आहे ते पाहा. मी अजून घाट चढतो. प्रत्येक चढावर त्या उघड्या जागी माझे चित्त अडकून असते. माथ्यावर बाई मोटार थांबवतात, बॉनेट उचलतात आणि तिथे फडके टेकून पाहतात. फडके कोरडे निघते. मग आम्ही पुढे निघतो.