तळ्याकाठचा सीन

मी सॉफ्ट बोर्ड बोलतोय. चार बाय सहा फूट, वर निळं कापड, आत दाबलेला भुसा. घ्या, झाली माझी जन्मकथा! सुताराने भिंतीवर ठोकलं तेव्हा वाटलं होतं, आपल्या अंगावर सुट्टीच्या नोटिसा लागतील, फार तर वाढदिवसाचे फोटो. नशिबी आले खून.

त्या खोलीत टीव्हीसाठी रहस्यमालिका लिहिली जायची. एका सीनचं एक कार्ड आणि टाचणी थेट माझ्या छातीत. साध्या सीनचं कार्ड पांढरं, कुणी मेलं की लाल. माणसं डबा खाताखाता विचारायची, "गळा दाबायचा की विष घालायचं?" आणि त्याच दमात, "मीठ सरकव जरा."

लिहायची ताई. सगळे तिला ताईच म्हणत, निर्मातेसुद्धा. तिचा धाकटा भाऊ अकरा वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून बाहेर पडला, तो परत आलाच नाही. तीच गोष्ट तिने मालिकेत घेतली होती. शेवटच्या भागात भाऊ घरी येतो, हे कार्ड तिने सगळ्यांत आधी लिहून माझ्यावर लावलं. आईला तसा शब्द दिला होता. आईचा रोज फोन यायचा, स्पीकरवर मलाही ऐकू यायचा. "त्याला मारू नकोस हं. कुठे असेल तिथे बघेल तो. यावंसं वाटेल त्याला."

मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू? पण ते कार्ड मी घट्ट धरून ठेवलं होतं.

आता या लोकांची एक खोड सांगतो. मालिकेचं शूटिंग क्रमाने होत नाही. तळं तीनच दिवस मिळत होतं, म्हणून तिथले सीन आधी. निर्माते म्हणाले, "ताई, भाऊ मेलेला सापडतो असाही एक सीन घेऊन ठेवू. नुसता हाताशी असू दे. वापरतंय कोण?" ताई नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी वैतागून हो म्हणाली. कपडेवाल्याने विचारलं, शर्ट कसला देऊ? थकलेल्या डोक्याने ती सांगून बसली, राखाडी, खिशाला आईने हाताने घातलेली काळी शिलाई. भाऊ घरातून निघाला तेव्हा अंगात होता, हुबेहूब तसाच शर्ट! मग लाल कार्ड तिनेच माझ्या कडेला टाचलं. अगं वेडे, एकदा शूट केलेलं वापरल्याशिवाय ही माणसं राहतात का? मी ओरडलो असतो, पण तोंड कुठाय मला?

मालिका सुरू व्हायच्या आठवडाभर आधी टीव्हीवर जाहिरात लागली. सुरुवातीलाच तळं, चिखल आणि तो शर्ट. ताईला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ती निर्मात्यांवर तुटून पडली. ते म्हणाले, "लोक थक्क झालेत, ताई. आता शेवट हाच." भाऊ घरी येतो ते कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने उपटलं.

दोन दिवसांनी दुपारी आई आली. मी तिला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. हातात कापडी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"कधी सापडला गं?"

"आई, अगं मालिका आहे ती. नट आहे तो."

"असेल नट. शिलाई माझी आहे. तुला कळलं होतं, पण माझ्यापाशी बोलवेना, हो ना?"

"आई, शपथ! मला काहीच माहीत नाही!"

"असू दे. मी नाही रागावले. अकरा वर्षं दाराला कडी लावली नव्हती. काल लावली."

ताई खाली फरशीवरच बसली. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेली.

ताई पुन्हा आली नाही. मालिका मात्र खूप चालली. आता नवे लेखक आलेत, नवा गठ्ठा आणलाय, त्यात लाल कार्डंच जास्त. त्या माउलीजवळ नुसतं वाट बघणं उरलं होतं, तेवढंही आम्ही काढून घेतलं. त्यात मीही आलो.

बाबांनो, मला भिंतीवरून उतरवा. कुणाचाही शेवट धरून ठेवणं आता माझ्याच्याने होत नाही.