पदकामागचा विंचू

तो दुकानात शिरला आणि सोनारीणबाईंनी त्याला पाहताक्षणी ओळखलं. त्याने मात्र ओळखलं नाही, आणि तेच जास्त झोंबलं. ज्याने आयुष्याचा विचका केला, त्याला आपला चेहराही आठवू नये म्हणजे काय?

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्यासाठी राशीचं पदक हवं होतं, तूळ रास, नाजूक तराजू. बाई राशीच्या चित्राभोवती नक्षत्राचे ठिपकेही उठवायच्या, म्हणून त्यांनी सहज विचारलं, "नक्षत्र कोणतं?"

"अनुराधा," तो बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मग रास वृश्चिक झाली. तूळ कशी?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आपल्यातच ठेवा हं. विहीणबाई राशीबिशी फार पाहतात, म्हणून आम्ही तूळ सांगितलीय. उगाच विंचवाचं नाव कशाला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न मोडलं तेव्हा त्या विशीतल्या होत्या. याच्याशीच लग्न ठरलेलं, कपडे शिवून आलेले, आणि हा भर बैठकीत म्हणाला होता, "वृश्चिकेची आहे ती. नांगी घरात कोण पाळणार?" सगळे हसले. बाईंचे वडीलही, कसनुसे का होईना, हसले. गल्लीने त्यांचं नावच विंचू पाडलं.

बरं, त्यांनीही ते टाकलं नाही. वडिलांची हत्यारं हातात घेतली, दुकान चालवलं आणि प्रत्येक दागिन्याच्या पाठीवर आपली खूण म्हणून तिळाएवढा विंचू ठोकायला लागल्या. वृश्चिक म्हणजे नुसती नांगी नव्हे, त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या, विंचवीण पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते. ही रास धरलेलं सोडत नाही, माया असो नाहीतर डूख. मायेला कोणी मिळालं नव्हतं. डूख तेवढा जपला होता.

"न्यायला याल तेव्हा विहीणबाईंनाही आणा," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "त्यांना पसंत पडायला हवं ना."

बेत साधा होता. विहिणीसमोर मुलीची खरी रास सांगून मोकळं व्हायचं. जसं आपलं मोडलं, तसं याच्या लेकीचं मोडू दे. कळू दे मेल्याला.

ठरल्या दिवशी तो, मुलगी आणि विहीणबाई अशी तिघं आली. विहीणबाईंनी पदक हातात घेतलं आणि जाणत्या बाया करतात तसं आधी उलटं करून पाहिलं. "अगंबाई, मागे विंचू?"

तो पांढराफटक पडला. वाक्य बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मुलगी वाकली आणि विंचवावरून बोट फिरवत म्हणाली, "किती गोड आहे हो."

आजवर कोणी त्याला गोड म्हटलं नव्हतं. बाईंनी वाक्य गिळलं. या पोरीने आपलं काय घोडं मारलंय? पण बापाला सोडायचं नव्हतं.

"ती माझी खूण," त्या म्हणाल्या. "माझी रास वृश्चिक. त्यापायी एकाने ठरलेलं लग्न मोडलं. भर बैठकीत म्हणाला, नांगी घरात कोण पाळणार?"

आता त्याने ओळखलं.

"कसला हलकट माणूस," विहीणबाई म्हणाल्या. "राशी मीही पाहते, पण चारचौघांत पोरीची अशी शोभा? काय हो?"

"हो," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?" बाईंनी विचारलं. "नीट ऐकू नाही आलं."

"हलकटच."

मुलगी त्याच्याकडे बघत होती. "बाबा, नांगी घरात कोण पाळणार, हे तर तुम्ही मला म्हणता."

"तुला का?" विहीणबाई म्हणाल्या. "तुझी तर तूळ."

"वृश्चिक आहे माझी. मला खोटं सांगायचंच नव्हतं."

विहीणबाईंनी पदक खाली ठेवलं. मग त्याला म्हणाल्या, "राशीचं मी बघून घेतलं असतं. खोट्याचं काय करू?" आणि मुलीला हाताला धरून त्यांनी शेजारी बसवलं. "हिला विंचूच करा, बाई. पुढच्या बाजूला."

बाईंनी तूळ मुशीत टाकली आणि खाली आच लावली. "बसा ना," त्या त्याला म्हणाल्या. "वितळायला वेळ लागतो."

मुलीच्या दुसऱ्या बाजूचं स्टूल रिकामं होतं. तो तिकडे वळला, तशी तिने आपली पिशवी उचलून त्यावर ठेवली.