चाबी तिलकच्या खिशात

तिलक स्कूटीसकट धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला अन् त्याची बायको कुंता हसली. एवढंच झालं होतं. धान रोवणाऱ्या सगळ्याच बाया हसल्या, पण मार खाल्ला एकट्या कुंतानं. घरी येताच तिलकनं काठी उचलली, अन् तिचा डावा हात कोपरापासून सुजून टम्म झाला.

सकाळी ती ठाण्यात जायले निघाली. ठाणं दूर, दवनीवाड्याला. तिलक भांडला नाही. स्कूटीची चाबी खिशात टाकली, पायी जा म्हणाला, अन् मस्त पानठेल्यावर जाऊन बसला. आपण लय डोकं लावलं, असं त्याला वाटून राहिलं होतं.

कुंतानं पोलिसांचा एकशे बारा नंबर फिरवला. पलीकडची बाई म्हणाली, तुम्ही कुठं जाऊ नका, बाईचा जबाब तिच्या घरी येऊन घेतात. हे कुंताले माहीत नव्हतं. तिलकले तर नव्हतंच नव्हतं.

तासाभरात गाडी आली. पोलीस रिंकी मॅडम तिलकच्याच खुर्चीत बसून लिहू लागल्या. कुंताले धास्ती एकच होती, सासूची. निर्मलाबाईनं सगळं पाहिलं होतं, पण पोटच्या पोराविरुद्ध कोण बोलते? तिनं नाही म्हटलं तर सारा गाव म्हणेल, कुंता खोटी.

मॅडमनं विचारलं तशी म्हातारी आधी कोंबड्या हाकलायले गेली. मग चहा मांडायले. मग आतून काठीच घेऊन आली अन् मॅडमच्या पायाशी ठेवली.

"हे घ्या जी. याच काठीनं मारलं. तिलकचा बापही मले असाच मारे. तवा कोणी घरी येऊन विचारलं नाही."

कुंताच्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

तेवढ्यात बोटावर चाबी फिरवत तिलक आला अन् दारातच थांबला. मॅडमनं त्याले दुपारी ठाण्यात यायले सांगितलं. कुंताले म्हणाल्या, तक्रारीची नक्कल तुम्हाला फुकट मिळेल, आता गाडीत बसा, आधी सरकारी दवाखान्यात हात दाखवू.

सारी गल्ली बाहेर उभी होती. बायको पोलिसांच्या गाडीत चढताना पाहून तिलक घाईनं जवळ आला. चाबी पुढं करत हळूच म्हणाला, "स्कूटी ने ना. गाडीत कायले जातं?"

कुंता आत सरकून बसली.

"राहू द्या. तुमालेच लागंल, ठाण्यात जायाचं हाये ना. हळू जाजा. रस्त्यात चिखल हाये."

गल्लीतलं कोणीतरी फिसकन हसलं. मग कुंताही.