दीडशे पिढ्या

पीएच.डी.साठी प्रणिता कराडहून जयपूरला आली, तेव्हा तिच्या हाती फळमाश्यांची आठ कुळं आली. सगळी मूळची एकाच बाटलीतली. चार कुळं पिठाच्या खाण्यावर वाढवायची, चार गुळाच्या, आणि एकमेकींत मिसळू द्यायची नाहीत. अशी ताटातूट किती पिढ्या टिकली म्हणजे पिठावरच्या माश्या गुळावरच्यांशी जुगेनाशा होतात, एका जातीच्या दोन जाती व्हायला लागतात, हे तिला पाहायचं होतं.

एक पिढी चौदा दिवसांची. प्रत्येक कुळाचा दिवस निराळा, त्यामुळे एक दिवसाआड कुणाला तरी नव्या बाटलीत हलवावंच लागे. मदतनिसाची जागा रिकामी झाली ती पुन्हा भरली नाही. सहा वर्षं अशी गेली. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही ती दीड दिवस गेली आणि अक्षता टाकून परतली.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला. आईने फोनवर 'ये' म्हटलं नाही. त्यांना उठवायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते, एवढंच सांगितलं. प्रणिताने मार्गदर्शक इंदुमतीजींकडे दोन महिन्यांची रजा मागितली. त्यांनी लगेच सही केली आणि विचारलं, बाटल्या कोण बदलणार? दोघींनाही नाव सुचेना.

मग तिने चाचणी वेळेआधीच घेतली. फरक दिसला तर सुटका होती. काचेच्या पेटीत दोन्हीकडच्या माश्या सोडून ती दिवसभर मोजत बसली. शंभर जोड्या जुळल्या, त्यांतल्या एकोणपन्नास मिश्र. दीडशे पिढ्यांत माश्यांना तिळमात्र फरक पडला नव्हता. इंदुमतीजी म्हणाल्या, हेही उत्तरच आहे, पण परीक्षक विचारतील, दोनशेपर्यंत का नाही नेलं? दोनशे म्हणजे आणखी जवळजवळ दोन वर्षं.

शेवटी तिने आईसह अण्णांनाच जयपूरला आणलं. राजा पार्क वस्तीतली तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोन हमालांनी खुर्चीत बसवून त्यांना वर चढवलं. त्यानंतर ते खाली उतरले नाहीत. तीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून घाट पालथे घातलेला माणूस, आता समोरच्या इमारतीची मागची भिंत बघत पडून असे. आईला हिंदी येत नव्हती. ती भाजीवाल्यापुरतीच जिना उतरे.

एका संध्याकाळी अण्णांनी अडखळत विचारलं, तू तिथं करतेस तरी काय? तिने सगळं सांगितलं.

"अजून वळखत्यात एकमेकींना?"

"ओळखतात."

"मग सोड की एकत्र."

"सोडल्या तर माझी सहा वर्षं गेली, अण्णा."

ते चांगला हात चादरीवरून फिरवत राहिले. मग म्हणाले, "आन् न्हाई सोडल्या तर?"

आई पेजेची वाटी घेऊन आली, तशी प्रणिता उठून त्यांच्या मानेखालची उशी सारखी करू लागली. त्या दोन वर्षांतले तेव्हा तीनच महिने सरले होते.