ओसरीवरच्या पेटीतले मासे

मित्रांनो, मी काचेची पेटी आहे आणि आता माझं वय झालं आहे. माझ्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला आहे. माझ्यात पाणी टिकत नाही. पण एके काळी माझ्यात पाणी होतं, पाण्यात गवत होतं आणि त्या गवतात जीव वाढत होते. त्यांची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे. ती गोड नाही. तरीही तुम्ही ती शेवटपर्यंत ऐकावी, एवढीच विनंती.

तो काळ निजामाच्या राज्याचा होता. हैदराबादेतल्या एका लोहाराने मला घडवलं. त्याने लोखंडी पट्ट्यांची चौकट केली, तळाला शहाबादी फरशी बसवली, चारी बाजूंनी जाड काचा लावल्या आणि सांध्यांत शेंदूर व जवसाच्या तेलाचं लुकण दाबून भरलं. दिनकरराव नावाच्या जमीनदारांनी शहरातल्या एका हवेलीत अशी पेटी पाहिली होती. तशीच आपल्या घरी हवी, म्हणून त्यांनी मला करवून घेतलं. पेंढ्यात गुंडाळून मला आगगाडीने सेलूला आणलं. तिथून बैलगाडी. दिनकररावांचा गडी लिंबाजी मला सगळी वाट मांडीवर धरून बसला होता.

"सावकाश हाक रे बाबा," तो गाडीवानाला सारखा म्हणत होता. "ही फुटली तर माझं टाळकं फुटंल."

मला ओसरीवर, बंगईसमोर, म्हणजे दिनकररावांच्या झोपाळ्यासमोर ठेवलं. पण माझ्यात काय ठेवायचं, ते दिनकररावांनाही ठाऊक नव्हतं. काही महिने मी कागदी फुलं सांभाळली.

मग गावात राधाकिशन डॉक्टर आले. ते हिवतापाचे डॉक्टर होते. तालुक्यात दर पावसाळ्यानंतर घरोघरी माणसं थंडीने कुडकुडत पडायची, काही उठायचीच नाहीत. डॉक्टरांनी एका हंड्यातून गप्पी मासे आणले होते. हैदराबादेजवळच्या एका तळ्यात ते रानटी होऊन वाढले होते. दिसायला अगदी साधे. मादी मातकट रंगाची, नर तिच्या निम्म्याएवढा, अंगावर एखाददुसरा रंगीत ठिपका. हे मासे अंडी घालत नाहीत. मादी जिवंत पिल्लांना जन्म देते आणि पिल्लू जन्मल्याबरोबर पोहायला लागतं.

"हे डासांची पिल्लं खातात," डॉक्टर दिनकररावांना म्हणाले. "तुमच्या पेटीत वाढवू, आणि भरपूर झाले की गावच्या विहिरींत सोडू. पण नुसत्या पाण्यात नाही वाढणार ते. त्यांना त्यांचं घर करून द्यावं लागेल."

दिनकरराव आनंदाने तयार झाले. त्यांना पेटीत काहीतरी हवंच होतं.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. डॉक्टर स्वतः दुधना नदीच्या काठी गेले. पाणी जिथे संथ होऊन थांबतं अशा जागेवरून त्यांनी वाळू आणली, ती धुतली आणि माझ्या तळाशी पसरली. मागे काळे दगड रचले. कोपऱ्यात जांभळीची एक वाकडी मुळी उभी केली. केसांसारखं बारीक पाणगवत वाळूत खोचलं, वर थोडं शेवाळ तरंगत ठेवलं. लुकणाचा वास जावा म्हणून पाणी भरून पुन्हा पुन्हा ओतून दिलं. मग नदीचं पाणी भरून त्यांनी मला तसंच राहू दिलं. दिनकररावांनी घाई केली, पण ते ऐकेनात. पाण्यात बारीक किडे दिसू लागले, दगडांवर हिरवी साय धरली, तेव्हा कुठे त्यांनी मासे सोडले. मी पेटी उरले नव्हते. नदीचा एक तुकडाच झाले होते.

"या गवताला हात लावू नका," डॉक्टरांनी सगळ्यांना बजावलं. "या माशांची आई पिल्लू दिसलं की गिळून टाकते. तिला पोटचं कळत नाही. जे गवतात शिरेल तेच जगेल."

माझी देखभाल बायनाबाईंकडे होती. त्या भोई गल्लीत राहत आणि दिनकररावांकडे पाणी भरत. रोज सकाळी त्या माझी काच पुसत आणि माशांसाठी खाऊ आणत. हा खाऊ म्हणजे त्यांच्याच गल्लीतल्या बारवेत वळवळणारी डासांची पिल्लं. पायऱ्यांची ती जुनी विहीर अर्धी पडलेली होती आणि तिचं पाणी गल्लीतली माणसं पीत असत. बायनाबाई तांब्या माझ्यात रिता करत आणि क्षणात सगळे किडे नाहीसे होत. त्या बघत उभ्या राहत.

"आमच्या बारवंत कवा सोडायचे?" त्यांनी एकदा डॉक्टरांना विचारलं.

"पहिल्यांदा तुमच्याच बारवेत, बायनाबाई. पाऊस थांबायच्या आत."

गवतात पिल्लं वाढली. त्या पिल्लांना पिल्लं झाली. आजूबाजूच्या गावांतले लोक मला बघायला येऊ लागले. दिनकररावांची मान ताठ झाली. पण श्रावणात डॉक्टरांची दूर बदली झाली. जाताना ते ओसरीवर आले आणि म्हणाले, "मासे पुष्कळ झालेत. तेवढे बारवेत सोडा."

"निर्धास्त जा, डॉक्टर," दिनकरराव म्हणाले. "सोडतो मी."

त्यांनी सोडले नाहीत. आधी ते विसरले असतील. नंतर मात्र त्यांनी एक गोष्ट पाहिली. एक मादी काचेजवळ आली आणि तिला पिल्लू झालं. ते सुटून पोहू लागलं, तशी ती वळली आणि तिने ते गिळलं. दिनकररावांनी बंगई थांबवली. मग ते खोकला येईपर्यंत हसले.

"लिंब्या, बघ. आपल्याच पोटचं खायलीय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुणे बोलावले. पण पिल्लं गवतात शिरली आणि पाहुण्यांना काही दिसलं नाही. तेव्हा दिनकररावांनी गवत काढायला लावलं. लिंबाजीने हात घालून ते मुळासकट उपटलं. मग शेवाळ, मग जांभळीची मुळी, मग दगड. माझ्या आत लपायला जागा राहिली नाही. माशांना वाळूवर आपली सावली दिसे आणि तिलाच ते दचकत. आता दर खेपेला पाहुण्यांना सगळं स्वच्छ दिसे. पिल्लू जन्माला येई, काचेच्या कडेकडेने धावे, कोपऱ्यात अडके. पाहुणे माना पुढे करत. कोणी म्हणे, "हे वाचतंय बघा." एकही वाचलं नाही.

भादव्यात बायनाबाईंची लेक कोकिळा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गल्लीत तापाने माणसं पडायला लागली होती. बायनाबाई काच पुसता पुसता थांबल्या आणि बंगईसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"मालक, डाक्टर म्हनले व्हते तेवढे मासे द्या. बारवंत लय किडे झालेत. घरात पोटुशी लेक हाय."

"मासे? तुम्हांला?" दिनकरराव म्हणाले. "भोई तुम्ही. रातोरात तळून खाल."

ओसरीवर बसलेले हसले. बायनाबाईंनी पुन्हा फडकं उचललं आणि माझी काच पुसली.

पुढे काय झालं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. दसऱ्यानंतर एके दिवशी त्या उशिरा आल्या. नर्मदाबाई, म्हणजे दिनकररावांच्या पत्नी, दारामागून विचारत होत्या.

"कोकिळा कशी आहे गं?"

"हाय," बायनाबाई म्हणाल्या. "ताप उतरलाय. लेकरू मेलेलं निघालं. लेक व्हती."

"मग आज कशाला आलीस?"

"मालकानं बोलावणं धाडलं व्हतं. पाव्हणे येनार हाईत म्हनं."

पाहुणे आले. फराळाची ताटं आली. एक मादी काचेशी घुटमळत होती, तिचं पोट फुगलेलं होतं. दिनकररावांनी बायनाबाईंना माझ्याजवळच उभं केलं, पाणी गढूळ झालं तर बदलायला. पिल्लं येऊ लागली. पहिलं गेलं. दुसरं गेलं. तिसरं काचेवर अशा जागी येऊन थांबलं, की पलीकडे बायनाबाईंचा चेहरा होता. मागून आई आली.

"गेलं," कोणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

बायनाबाईंनी डॉक्टर मागे ठेवून गेलेली मलमलीची जाळी उचलली. घागरीत माझं पाणी घेतलं आणि एकेक मासा जाळीने काढून घागरीत सोडायला लागल्या. पाहुण्यांना वाटलं, पाणी बदलायचं असेल. जाळी पुन्हा पुन्हा येत राहिली. माझ्यात एकही मासा उरला नाही, तेव्हा त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि अंगण ओलांडायला लागल्या.

"कुठं चाललीस?" दिनकररावांनी विचारलं.

"बारवंवर."

"लिंब्या, घागर घे तिच्याकडून."

लिंबाजीने घागर घेतली आणि तसाच उभा राहिला.

"ओत," दिनकरराव म्हणाले.

"मालक, मासे हाईत त्यात."

"मासे आहेत म्हणूनच. ओत म्हणतो ना."

लिंबाजीने घागर ओतली. दुपारची वेळ होती, अंगणातली फरशी तापलेली होती. मासे तिच्यावर उडायला लागले. त्यांचा आवाज फार बारीक होता, ओल्या बोटाने टिचकी मारावी तसा. पाहुण्यांनी पाय वर घेतले. एक जण दुसऱ्याला कोणता मासा जास्त उंच उडतो ते दाखवत होता. बायनाबाई खाली बसून हाताने मासे गोळा करत होत्या, पण ठेवायला पाणी नव्हतं. घागर लिंबाजीच्या हातात होती, आणि ती द्यायचा हुकूम नव्हता.

तेव्हा नर्मदाबाई बाहेर आल्या. पुरुष बसलेले असताना त्या ओसरीवर कधी आल्या नव्हत्या. डोक्यावर पदर घेऊन त्या सरळ पाहुण्यांच्या मधून गेल्या, पाहुण्यांसाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला, अंगणात उतरल्या आणि तो बायनाबाईंसमोर ठेवला. मग त्याही खाली बसल्या. दोघींनी हलणारे मासे वेचले. हलणारे आता थोडेच होते. पाहुण्यांसमोर बायकोला अडवणं दिनकररावांना जमलं नाही. बायनाबाई तांब्या पदराखाली घेऊन दिंडी दरवाजातून बाहेर पडल्या.

पाहुणे गेल्यावर आतल्या खोलीचं दार लागलं. मला दिसलं काही नाही, ऐकू मात्र आलं. दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई तुळशीला पाणी घालायला आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हातात एकही बांगडी नव्हती, आणि तांब्या त्या डाव्या हाताने ओतत होत्या. तो उजवा हात पुढे कायमचा वाकडा राहिला. बायनाबाईंना त्या घराचं दार बंद झालं. कोकिळाच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, असं लिंबाजी एकदा बैलांना पाणी दाखवताना कोणाला तरी सांगत होता.

एक वर्ष मी कोरडी राहिले. पुढच्या दसऱ्याला दिनकररावांना पुन्हा पाहुण्यांची आठवण झाली. भोई गल्लीत यंदा ताप कमी आहे, हेही त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी लिंबाजीला बोलावलं.

"त्या बाईनं नेलेले मासे बारवेत वाढले असतील. ते आपले आहेत. हंडा घेऊन जा आणि भरून आण. बारव उपसावी लागली तरी उपस."

लिंबाजी हंडा घेऊन गेला. तो परत आला तेव्हा हंडा रिकामा होता. त्याच्या धोतराचा सोगा गुडघ्यापर्यंत ओला होता. त्या सोग्याच्या एका घडीत नखाएवढं काहीतरी चमकत होतं. ते त्याने पाहिलं नव्हतं, दिनकररावांनीही पाहिलं नाही. मी पाहिलं. ते गप्पीचं पिल्लू होतं.

"बारवंत मासे न्हाईत, मालक," लिंबाजी म्हणाला.

"नीट बघितलंस?"

"खालच्या पायरीपतुर उतरलो. एक बी न्हाई. मेले असतील तवाच."

दिनकररावांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. लिंबाजीने खाली पाहिलं नाही. मग दिनकरराव म्हणाले, "मग ही रिकामी कशाला पाहिजे?" आणि हातातल्या काठीने त्यांनी मला एक तडाखा दिला. तो तडा तेव्हाचा आहे.

त्यानंतर मी गोठ्यात पडून होते. माझ्यात सरकी भरली, मग कोंबडी बसवली, मग काहीच नाही. उंदरांनी लुकण कुरतडलं. माझी कोणी वाखाणणी केली नाही, आणि खरं सांगते, मला ती नकोशीच झाली होती. निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी दिनकरराव गाव सोडून शहरात राहायला गेले. घरातलं सामान निघालं तेव्हा मला कोणी उचलेना. शेवटी गावच्या शाळेने मला आणलं, खडू आणि फडकी ठेवायला.

मित्रांनो, माझ्या तड्यावरून तुमची बोटं फिरतात आणि तुम्ही विचारता, ही पेटी कशाची? म्हणून एवढं बोलले. तुमच्यातल्या कोणाला पुढे मासे पाळावेसे वाटले, तर जरूर पाळा. त्यांना वाळू द्या, गवत द्या, पळून जायला एक कोपरा द्या. आणि ते जमणार नसेल, तर त्यांना जिथे आहेत तिथेच राहू द्या. कोणाचा जीव जाताना दिसला, तर चांगली जागा धरून बघायला बसू नका. उठा. हातात असेल ते भांडं घ्या आणि जा.