तीन महिन्यांच्या आत

मंडळी, घरात दोन मुलं झाली की एक प्रश्न ठरलेला असतो. ऑपरेशन कुणी करायचं? उत्तरही ठरलेलंच असतं. बाईने! पुरुषाचं नाव काढलं, तर घरातली मोठी माणसं खोकायला लागतात.

खरवईच्या विनीतने मात्र ही चाकोरी मोडली. त्याच्या बायकोची, किर्तीची, दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची, त्यात अंगात रक्त कमी. "आता तिच्या पोटाला पुन्हा सुरी नको," असं तो आपणहून म्हणाला आणि सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून आला. फक्त आईला, गोजरबाईंना, खरं सांगायची हिंमत त्याला झाली नाही. हर्नियाचं ऑपरेशन आहे, अशी थाप त्याने ठोकून दिली.

बिनटाक्याची नसबंदी ती. जागेवरचे केस काढायचे, सकाळी अंघोळ करायची, आत घट्ट चड्डी आणि वर सैल पँट घालायची, एवढीच तयारी. अर्ध्या तासात विनीत मोकळा झाला. अंजनी सिस्टरनी निघताना बजावलं, "दोन दिवस आराम. आठवडाभर जड उचलायचं नाही. आणि नीट ऐक, तीन महिने निरोध वापरायचा, मग तपासणीला यायचं. रिपोर्ट क्लिअर आला की सुटलास!" घरी किर्तीने फडक्यात बर्फ बांधून दिला, त्याला पाण्यासाठीसुद्धा उठू दिलं नाही. आठवडा सरला आणि विनीत अंबरनाथच्या कारखान्यात कामावर हजर झाला.

इथपर्यंत पठ्ठ्याने सगळं झकास केलं. पुढे मात्र माती खाल्ली. महिन्याभरातच त्याला वाटलं, दुखत नाही म्हणजे झालं काम, आणि त्याने निरोध वापरणं सोडून दिलं. किर्तीने दोनदा आठवण करून दिली, तर "तू काय डॉक्टर झालीस काय?" म्हणून त्याने तिला उडवून लावलं. तपासणीचं तर नावच नको. बाटलीत वीर्याचा नमुना घेऊन खिडकीपुढे उभं राहायचं, आणि खिडकीत नेमकं गावातलंच कुणी बसलेलं असलं म्हणजे? त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

चौथ्या महिन्यात कळलं, किर्तीला दिवस गेलेत. गोजरबाई हरखल्या. "तिसरं तर तिसरं, देवानं दिलंय!" म्हणत त्यांनी देवापुढे साखर ठेवली. विनीतने किर्तीला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि विचारलं, "कुणाचं आहे?"

किर्तीला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती म्हणाली,

"तुम्ही हे मला विचारता?"

"माझं ऑपरेशन झालंय. मग कुणाला विचारू?"

त्याच संध्याकाळी ती दोन्ही मुलांना घेऊन सोनिवलीला माहेरी गेली. पंधरा दिवसांनी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. वडील बाहेर, आई मुलांपाशी, म्हणून ती रिक्षाने एकटीच त्याच सरकारी दवाखान्यात पोचली. मूल गेलं. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे ती वाचली. निरोप आला, पण विनीत गेला नाही. सांगताना लाज वाटते, पण खरंच गेला नाही.

तो गेला अंजनी सिस्टरकडे. "मला दाखला पाहिजे, माझी नसबंदी झालीय म्हणून. सोडचिठ्ठीला लागेल."

"तपासणी केलीस?"

"नाही."

"मग दाखला कसला मागतोस! निरोध किती दिवस वापरलास?"

विनीतने मान खाली घातली. "महिनाभर."

सिस्टरचा आवाज चढला. "अरे, नस कापली तरी पुढच्या नळीत बीज साठलेलं असतं ना! ते संपायला तीन महिने लागतात, म्हणून तर घसा फोडून सांगितलं. किर्तीचे कागद पाहिलेत मी, ऑपरेशननंतर दुसऱ्याच महिन्यात दिवस गेलेत, बाबा. मूल तुझंच होतं!"

विनीत बाकड्यावर बसला. मग दाखल्याचं नाव न काढता तो उठला.

घरी येऊन त्याने आईला सगळं सांगितलं. गोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "म्हंजे हर्निया नव्हता? आरं, ती पोर एवढं आयकून गेली, पन तुझं गुपित नाय फोडलंन तिनं! मला म्हनाली, चार दिस आईकडं जाऊन येते!"

ते ऐकून विनीत ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी सोनिवलीला जाऊन त्याने सासू-सासऱ्यांसमोर आपली चूक बोलून दाखवली. भिंतीला टेकून बसलेली किर्ती पांढरीफटक दिसत होती. तो म्हणाला, "सिस्टरनी सगळं समजावलं मला. चुकलो मी, किर्ती."

"आणि सिस्टरनी समजावलं नसतं तर?" तिने विचारलं.

विनीत तिच्यासमोर खाली बसला.

"मी येते," ती म्हणाली. "मुलांना त्यांचं घर पाहिजे. पण तुमच्याशी पहिल्यासारखं बोलायला मला जमेल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

मंडळी, नसबंदी करणाऱ्या पुरुषाला मी हात जोडतो. पण भावांनो, काम तिथे संपत नाही. तीन महिने थांबा, लाज सोडून तपासणी करा. आणि चूक शोधायची वेळ आलीच, तर आधी स्वतःची शोधा! विनीतने नंतर तपासणी केली. रिपोर्ट क्लिअर आला, दाखलाही मिळाला. पण सोडचिठ्ठीसाठी मागितलेला तो कागद किर्तीला दाखवायचं धाडस त्याला अजून झालेलं नाही.