चुन्याचा पाय

वेणूने केरसुणीचा एक लांब हीर उपसला, त्याचं टोक दातांनी चावून मऊ केलं आणि आपल्या नवऱ्याच्या, रघूच्या, पायावरच्या पांढऱ्या कवचात वरून अलगद सरकवला.

"आजून खाली," रघू म्हणाला. "आजून. हां, थितंच."

त्याने डोळे मिटले. ओट्याखाली उभ्या असलेल्या बायकांनीही सुस्कारा सोडला. खाज जणू त्यांच्याच पायाला सुटली होती.

रघूचा पाय बघायला बदलापूरच्या आसपासच्या वाड्यांतून माणसं येत होती. रघू मालबोटीवर खलाशी. विलायतेत ग्लासगो नावाच्या बंदरात तो शिडीवरून घसरला, घोट्याच्या वरचं हाड मोडलं आणि तिथल्या दवाखान्यात गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत चुन्यासारखं काहीतरी थापून त्याला दुसऱ्या बोटीने घरी धाडलं. एवढी हकिगत एव्हाना गुराख्यांच्या पोरांनाही पाठ झाली होती. तरी प्रत्येकाला ती रघूच्याच तोंडून ऐकायची असे, आणि रघूलाही सांगायचा कंटाळा नव्हता.

"भासा येत नवती, मंग दुखनं सांगायचास कसा?" कोणीतरी विचारी.

"दवाखान्यातली मड्डम बोटानं दाबायची. मी बोंबललो का तिला समजायचं."

शेजारच्या खाटेवर एक गोरा म्हातारा होता, त्याचाही पाय असाच थापलेला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. पण रोज सकाळी म्हातारा आपल्या पायावर टकटक वाजवी आणि रघू आपल्या पायावर वाजवून उत्तर देई. त्यांचा रामराम तो. हे सांगताना रघू बोटं मुडपून पाय वाजवून दाखवायचा. मग पोरंटोरंच काय, बापयेही पुढे होऊन एकेकदा वाजवून घेत.

पण पाहुणे पांगले की रघूच्या चेहऱ्यावरचं हसू उतरे. आत पाय सडतोय की काय, असं त्याला वाटू लागलं होतं. वास येत होता. तिथल्या डॉक्टरने दोन बोटांची कातर करून खुणेने सांगितलं होतं की गावी पोचल्यावर कुठल्याही डॉक्टरकडून हे कापून घे. त्याने दाखवलेली मुदत केव्हाच उलटून गेली होती.

अडलं होतं ते आईपाशी. बनूबाई पायाला कुणाला हात लावू देत नव्हती.

"ज्यानं बांधला, त्यानंच सोडायचा," ती म्हणे. "दुसऱ्याचा हात लागला का हाड रुसतं."

"आये, त्यो ग्लासगोला हाय."

"मंग बोलाव त्याला."

बनूबाई नुसती हट्टाला पेटलेली म्हातारी असती तर वेणूने तिला कधीच बाजूला सारलं असतं. पण रघूच्या बापाचा हात एका वैदूने बांधला होता आणि घाईघाईत दुसऱ्याने सोडला होता. तो हात कोपरात वाकडाच राहिला. जन्मभर त्याला नांगर धरता आला नाही, घास डाव्या हाताने घ्यावा लागला, आणि पंगतीत बसायला लाज वाटते म्हणून तो लग्नकार्याला जायचा बंद झाला. बनूबाईने हे सगळं पाहिलं होतं. म्हातारी भीत होती, आणि तिची भीती खोटी नव्हती. एरवी कुणाचं न ऐकणारा रघूही तिच्यापुढे नमला तो त्यामुळेच.

शेवटी वेणूने डोंगराकडच्या ठाकरवाडीतून चांगोला बोलावलं. मोडलेली हाडं बसवण्यात त्याच्या हाताला यश होतं. गाईगुरांचीही बसवायचा. चांगो ओट्यावर उकिडवा बसला. त्याने आधी पायाचा वास घेतला, मग फणस पिकलाय का बघावं तसा तो बोटाने वाजवला आणि कान लावून ऐकला.

"बांध चांगला हाय," तो म्हणाला. "हात जानता हाय."

"मंग सोड की," रघू म्हणाला.

चांगोने हात मागे घेतले. "म्या नाय सोडनार. दुसऱ्याचा बांध सोडला तं माझ्या हाताचा गुन जाईल."

"मंग ह्यानं काय मरेपत्तुर असंच ऱ्हायाचं?" वेणूचा आवाज चढला. परक्या पुरुषासमोर एवढ्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती.

चांगोने पुन्हा एकदा पायाला कान लावला. "बांधनारा मेला, नायतर लांब गेला, तं त्याच्या मुलखातल्या मानसानं सोडला तरी चालतं. हाड वळखतं."

"ग्लासगोचा मानूस मी हितं कुठून आनू?" रघू वैतागून म्हणाला.

वेणू चुलीपाशी गेली, आणि थोड्या वेळाने तिथूनच तिने सासूला विचारलं, "आत्याबाय, ग्लासगो दर्याच्या पल्याडच ना?"

"न्हाय तं काय? बोटीतच तं जायाचा त्यो."

"मंग कँपातला डागतर पन पल्याडचाच हाय. बोटीतनंच आलाय."

वेणू निर्वासितांच्या कँप दोनच्या बाजारात काकड्या, तोंडली विकायला बसायची. कँपाचं नाव उल्हासनगर झालं होतं, पण तिच्या तोंडी अजून कँपच होता. तिथल्या सिंधी बायका भाव करता करता सगळं सांगत. कोण कुठल्या गाडीने आलं, कोण बोटीने आलं, वाटेत कोणाचं काय राहिलं. डॉक्टर टेकचंद कराचीहून बोटीने आले होते, हे तिला असंच कळलेलं.

"कराची येगळी आन् ग्लासगो येगळं," रघू सांगू लागला. "मदी म्हैनाभर..."

वेणूने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचं गिळून गप्प बसला. बनूबाई चांगोकडे वळली. चांगोने डोकं खाजवलं. दर्याच्या पलीकडे एकाहून जास्त मुलूख असतील, हे त्याच्याही कधी मनात आलं नव्हतं.

"पल्याडचा तो पल्याडचा," तो म्हणाला. "चालंल."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत पेंढा पसरून त्यावर रघूला घातलं आणि तिघं कँपात आली. लष्कराच्या जुन्या बराकीत पोत्यांचा आडोसा लावून डॉक्टरांनी दवाखाना थाटला होता. एक टेबल, एक बाक, एक स्टोव्ह. वेणूने रघूला आधार देत बाकावर आणून बसवलं आणि बनूबाईने दारातूनच हाळी दिली.

"ह्योच का पाकिस्तानचा डागतर?"

आतला माणूस चटका बसल्यासारखा वळला. "पाकिस्तानचा नाही, अम्मा. मी इकडचा. इकडचाच आहे."

हे वाक्य त्यांनी रेशनवाल्याला ऐकवलं होतं, बराकीच्या इन्स्पेक्टरला ऐकवलं होतं, कल्याणच्या दुकानदारांना ऐकवलं होतं. मराठी त्यांना जेमतेम येई, पण तेवढं एक वाक्य अस्खलित येत होतं.

"इकडचा?" बनूबाई थबकली. "दर्यापल्याडचा न्हाईस?"

"नाही. आता इकडचाच."

"वेणू, गाडी फिरव."

रघूचा पाय बाकावर टेकवलेला होता, आणि डॉक्टरांची नजर आधीच त्याच्या बोटांवर गेली होती. त्यांनी पुढे होऊन बोटं दाबली, वाकून वास घेतला.

"अरे, हे कधीचं आहे? गाडी कुठे नेता? पाय कडक होऊन जाईल, मग चालणार नाही हा. माझं ऐका."

"इकडच्यानं न्हाय सोडायचा," म्हातारी म्हणाली. ती पोराच्या पायापुढे येऊन आडवी उभी राहिली. "माज्या मालकाचा हात गेला. पोराचा पाय न्हाय घालवायची मी."

डॉक्टरांना काही उमगेना. मग वेणूने पदर सावरून सगळं सांगितलं. ज्याने बांधला त्याने सोडायचा, नाहीतर त्याच्या मुलखातल्याने. मराठी संपली तिथे तिने बाजारात शिकलेली हिंदी वापरली. सांगता सांगता तिला रडू फुटलं आणि ते तिने लपवलंही नाही.

डॉक्टर ऐकत राहिले. मग ते कोपऱ्यातल्या बादलीपाशी गेले आणि हात धुऊ लागले. साबण मनगटापर्यंत चोळला, पाणी ओतलं, पुन्हा साबण घेतला. एवढे स्वच्छ हात त्या दिवशी कँपात दुसऱ्या कुणाचे नसतील. टॉवेलने एकेक बोट पुसून होईपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.

"अम्मा," ते म्हणाले, "बसा. मी तिकडचा आहे."

"दर्यापल्याडचा?"

"हो. कराचीचा. बोटीने आलो."

"मंग ह्याला बांधनारा तुज्याच मुलखातला."

रघूचं तोंड उघडलं. वेणूने त्याच्या धडक्या पायावर आपला पाय दाबला. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "आमच्याच बाजूचा."

बनूबाई पायापुढून बाजूला झाली.

कवच भिजवायला, मऊ करायला आणि कापायला पुष्कळ वेळ गेला. डॉक्टर चाकू चालवत असताना म्हातारी त्यांच्या हाताकडे एकटक बघत होती. कवच दुभंगलं आणि आतून पाय निघाला. बारीक, फिकट, सालपटं सुटलेला. रघू त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसा बघत राहिला. डॉक्टरांनी हाडावरून अंगठा फिरवला, घोटा हळूहळू हलवला.

"सरळ जुळलंय. छान बांधलं होतं," ते म्हणाले. "रोज तेल लावा. आधार घेऊन थोडं थोडं चाला."

वेणू हसली. आणि हसता हसता खाली बसून त्या सालपटलेल्या पायाला तिने दोन्ही हातांनी धरलं. सासू समोर आहे हेही ती विसरली.

बनूबाईने पिशवीतून नारळ काढून टेबलावर ठेवला. मग मुलाला खांद्याला धरून उभं केलं.

"डागतर, तुजा गाव कनच्या अंगाला?"

"काय?"

"नव्या पायाची पैली पावलं बांधनाऱ्याच्या गावाकडं टाकायची आसतात. त्यानं बांधला, तू सोडलास. तुज्या गावाकडं टाकंल. कनच्या अंगाला?"

डॉक्टर दाराशी आले. बाहेर बराकींच्या रांगा होत्या, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, कोणीतरी पापड लाटत होतं.

"तिकडे," त्यांनी दाराबाहेर मोघम हात केला.

वेणू आणि म्हातारी दोन्ही बाजूंनी आधाराला लागल्या. रघूने त्या दिशेला तोंड केलं आणि पाय उचलला.

"थांब," डॉक्टर म्हणाले.

ते रघूच्या मागे आले, त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला किंचित उजवीकडे वळवलं.

"असं," ते म्हणाले. "आता चल."